आधी माणूस ठरतो, मग गुन्हा

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर सिनेमावर चर्चा होती. विषय फळ्यावर खडूने लिहिला होता : आजचा सिनेमा गुन्हेगाराला नायक करतो का? दोन तास लोक तावातावाने बोलले. एका बाजूचं म्हणणं, मारधाड करणारा, पोरींच्या मागे लागणारा, बापाला उलट बोलणारा माणूस पडद्यावर टाळ्या घेतो आणि त्याचं बघून आमची पोरं बिघडतात. दुसऱ्या बाजूने नेहमीप्रमाणे निळू फुले काढले. पडद्यावर त्यांनी जन्मभर बायकांवर वाईट नजर टाकली, प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलात वाढलेला सज्जन माणूस. तेव्हा पडद्यावरचं पडद्यावर सोडा. मी शेवटच्या रांगेत होतो. माझी बोलायची पाळी आलीच नाही. पण जिना उतरताना एक गोष्ट मनातून जाईना. हे दोन्ही पक्ष भांडत होते खरे, पण त्यांचा प्रश्न एकच होता : हा माणूस चांगला की वाईट? आणि माझ्या मते गोंधळ या प्रश्नातच आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सिनेमात काय आणि आयुष्यात काय, आपण आधी माणूस ठरवतो आणि मग त्याने जे केलं ते त्या ठरावाप्रमाणे वाचतो. नायकाने पाठलाग केला की प्रेम, खलनायकाने केला की छेडछाड. प्रतिष्ठिताने पैसे बुडवले की अडचण, हमालाने बुडवले की चोरी. कृती तीच, तिचं नाव मात्र करणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठेवलं जातं. हा क्रम उलटला पाहिजे. काय घडलं, कुणी केलं याचा पुरावा काय, कुणाला काय सोसावं लागलं, हे आधी. माणसाबद्दल बोलायचं ते त्यानंतर, आणि तेही हात राखून.

हे मला सिनेमामुळे सुचलं असं नाही. त्याच आठवड्यात माझ्याच गोडाऊनमध्ये जे झालं त्यातून सुचलं.

माझा सुताचा धंदा आहे. पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना मी सूत पुरवतो. त्या दुपारी एकाने चौदा हजार रुपये आणून दिले होते. नोटांना रबर लावून मी ते टेबलाच्या खणात टाकले आणि फोन घ्यायला बाहेर गेलो. संध्याकाळी खण रिकामा. गोडाऊनमध्ये चौघे होते : आमचे दिवाणजी, टेम्पोवाला, वीस वर्षांपासून कामावर असलेला जुना हमाल आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा. दिवाणजी हळूच म्हणाले, "मालक, तो पोरगा सेटलमेंटचा आहे." एवढंच म्हणाले. आणि मी त्या पोराला आत बोलावलं. बाकी तिघांना नाही. मी म्हणालो, "खरं सांग." तो काही बोलला नाही. त्याने खिसे उलटे केले. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढून त्याने तसेच लोंबते ठेवले, मग शर्टाचा खिसा झटकला, त्यातून एक कंगवा आणि वीसची नोट पडली. ती नोट उचलावी की नाही, हे त्याला कळेना. माझ्याकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. पैसे आजपर्यंत सापडलेले नाहीत.

पोरगा निर्दोष होता हे सांगायला मी हे लिहीत नाही. मला ते माहीत नाही. त्याने घेतले असतील, नसतीलही. मला त्या क्षणी काय माहीत होतं, एवढाच प्रश्न आहे. खणाला कुलूप नव्हतं, हे चौघांनाही ठाऊक होतं. चौघेही टेबलापाशी येऊन-जाऊन होते. म्हणजे घटनेकडे पाहिलं तर चौघे सारख्याच अंतरावर उभे होते. एकजण माझ्याजवळ ओढला गेला तो त्याने काही केलं म्हणून नव्हे, तो कुठे राहतो म्हणून.

सोलापूरबाहेरच्या वाचकाला सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला हवं. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. व्यक्तींची सबंध जमात, टोळी किंवा वर्गच्या वर्ग गुन्ह्याला सोकावलेला आहे असं सरकारने जाहीर केलं की त्यातला प्रत्येकजण, पाळण्यातल्या पोरासकट, गुन्हेगार. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. आधी उत्तरेत लागू असलेला हा कायदा १९११ मध्ये नव्याने केला गेला, आपल्याकडे पोचला, १९२४ मध्ये पुन्हा पक्का झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची माणसं तिथे आणून ठेवली. शहराला मिलसाठी हात हवेच होते. माझे वडील मिलमध्ये साचाखात्यात होते. त्यांच्या शेजारच्या मागावर सेटलमेंटमधला एक कामगार असे. पाळी सुटली की सगळे नळावर हातपाय धुवायला थांबत, हा मात्र अंगावरच्या कापसासकट पळत सुटायचा, कारण हजेरी चुकली तर काय होतं ते त्याला माहीत होतं. "त्याच्याइतका नीट धागा जोडणारा आमच्या खात्यात कुणी नव्हता," असं वडील सांगत. तो धागा कसा जोडतो हे सरकारच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. वही त्याची जात लिहून बंद झाली होती.

भाषेनेही हेच केलं आहे. 'भामटा' हा शब्द आपण दिवसातून चारदा वापरतो. लबाड, फसवणारा. तेच एका जमातीचं नाव आहे. त्या जमातीतल्या मुलाला शाळेत आपलं नाव-गाव सांगताना काय वाटत असेल? तोंड उघडायच्या आधीच त्याचा निवाडा झालेला असतो, आणि तो निवाडा आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो निवाडा आहे हेच आपण विसरलो.

आता दुसरं साल बघा. १८७१ च्या पाठोपाठ १८७२ मध्ये त्याच सरकारने पुरावा कायदा केला. तो लिहिला जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने, आणि गुन्हेगार जमातींचा कायदा झाला तेव्हाही सरकारचा कायदा सदस्य तोच होता. या पुरावा कायद्यात एक तत्त्व आहे, जे वकिलांना पाठ असतं आणि आपल्याला कुणी कधी सांगत नाही : फौजदारी खटल्यात आरोपीचं चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट गैरलागू. त्याने स्वतः आपल्या चांगुलपणाचा पुरावा दिला तरच समोरच्याला वाईटपणा काढता येतो. म्हणजे चोरीचा खटला असेल तर चोरी झाली का आणि याने केली का एवढंच बघा. हा कसला माणूस आहे ते काढू नका. पुरावा कायद्याच्या जागी २०२३ चा साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व टिकलं. एकाच सरकारने लागोपाठच्या दोन वर्षांत दोन उलट गोष्टी कायदा म्हणून लिहिल्या. एक म्हणतो, माणूस बघा आणि गुन्हा धरून चाला. दुसरा म्हणतो, गुन्हा बघा आणि माणूस बाजूला ठेवा. दीडशे वर्षं आपण कोर्टात १८७२ आणि घरात १८७१ चालवत आलो आहोत.

कुणी म्हणेल, तो कायदा तर १९५२ मध्येच देशभर रद्द झाला. झाला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांच्या नजरेत जुन्या याद्या नव्या नावाने राहिल्या. अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधले जातीवर कामं वाटणारे आणि या जमातींना जन्मतः गुन्हेगारी सवयीचं मानणारे नियम घटनाबाह्य ठरवावे लागले. बहात्तर वर्षांनी! सोलापुरात आजही बसमध्ये, रिक्षात 'सेटलमेंट' हा पत्ता आहे, 'सेटलमेंट फ्री कॉलनी' अशी नावं आहेत. त्या 'फ्री'चा अर्थ मला साठी ओलांडेपर्यंत खटकला नव्हता. कुठल्या दुसऱ्या वसाहतीला आपल्या नावात 'मोकळी' असं लिहावं लागतं?

मग सिनेमाचा याच्याशी संबंध काय? संबंध असा की माणूस आधी ठरवायची सवय सिनेमा आपल्याला सर्वांत गोड पद्धतीने लावतो. नायक पडद्यावर येतो तेव्हा त्याने अजून काहीच केलेलं नसतं. बूट दिसतात, मग हात, मग पाठ, संगीत चढतं, मग चेहरा, आणि भागवत थिएटरात चिल्लर उधळली जाते. काही घडायच्या आधीच आपण त्याचे झालेलो असतो. पुढचे अडीच तास तो जे करेल त्याला आपण त्याच्या बाजूने कारणं शोधत बसतो. ती नाही म्हणाली तरी तो तिच्या बसमागे मोटारसायकल लावतो. गाणं सुरू होतं. तो वीस माणसं उडवतो. त्या विसांना आई नसते. त्याला मात्र असते, आजारी, आणि तिच्या औषधाची बाटली आपल्याला जवळून दाखवलेली असते. मरणाऱ्या हवालदाराच्या घरी कोण होतं हे आपण विचारत नाही, कारण कॅमेरा तिथे गेलेलाच नसतो. आपण ज्याला सहानुभूती म्हणतो ती पुष्कळदा फक्त कॅमेरा कुठे उभा आहे याची नोंद असते.

इथे निळू फुल्यांकडे परत येतो, कारण त्यांचं उदाहरण दोन्ही पक्षांनी फुकट घालवलं. गावोगावच्या बायका त्यांना पाहून शिव्या घालत, बोटं मोडत, हा किस्सा महाराष्ट्राला पाठ आहे. तो सांगताना आपण हसतो : बिचाऱ्या अडाणी बायका, नट आणि भूमिका यांतला फरक कळला नाही. मला हे हसू पटत नाही. त्या बायकांना माणूस ओळखता आला नसेल, पण कृती त्यांनी बरोबर ओळखली होती. वाड्याच्या ओसरीवर बसून पाणी भरणाऱ्या बाईकडे वरून खाली बघणारी ती नजर त्यांनी सिनेमात पहिल्यांदा पाहिलेली नव्हती. ती त्यांच्या गावात होती, त्यांच्या अंगावरून गेली होती. त्या रागावल्या त्या नजरेवर. आणि त्याच सिनेमात नायकाने नायिकेचा पदर धरला तेव्हा शिट्ट्या वाजवणारे आपण शिकलेले पुरुष, आपल्याला काय कळलं होतं? खलनायक खलनायकासारखा दिसतो तोवर आपल्याला सगळं कळतं. नायकाने तेच केलं की आपलं कळणं संपतं.

ही सवय सर्वांत महाग पडते बायकांना. मराठी वर्तमानपत्रातला एक मथळा आपण इतक्यांदा वाचला आहे की डोळे त्यावरून घसरतात : 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'. थांबून वाचा. खून कुणी केला? नवऱ्याने. आणि मथळ्यात चारित्र्य कुणाचं आहे? तिचं. मेलेली ती, तपासणीही तिचीच. पुरुषाचं चारित्र्य म्हटलं की आपण त्याचा प्रामाणिकपणा, शब्द, व्यवहार, काय काय त्यात घालतो. बाईचं म्हटलं की एकच गोष्ट. विड्या वळून चार लेकरं वाढवणारी, पतसंस्थेचा हप्ता न चुकवणारी, सासूचं अंथरूण सात वर्षं काढणारी बाई. या सगळ्याला आपल्या भाषेत चारित्र्य म्हणायची रीतच नाही. वर ज्या पुरावा कायद्याची मी बाजू घेतली तोही इथे चुकला होता, हे कबूल करायला हवं. बलात्काराच्या खटल्यात तक्रार करणारी बाई एरवी कशी वागते हे काढून तिची साक्ष पाडायची मुभा त्याच कायद्यात होती, आणि ती काढायला या शतकाची सुरुवात उजाडावी लागली. आरोपीचं चारित्र्य गैरलागू आणि तिचं लागू! एकशेतीस वर्षं आपण हे न्याय म्हणून चालवलं.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यांतला पहिला तर माझ्याच धंद्याचा आहे. माणूस पाहिल्याशिवाय चालतं का? मी लाखाचं सूत उधारीवर देतो ते कशाच्या जोरावर? कागद असतात, चेक असतात, पण चेक परत आला तर कलम १३८ खाली खटला घालून पैसे मिळेपर्यंत व्याजात माझाच जीव जातो. शेवटी माणूस बघूनच द्यावं लागतं. खरं आहे. बाजारात आम्ही त्याला पत म्हणतो. पण पत म्हणजे काय ते नीट पाहिलं तर ती माझ्याच बाजूने बोलते. पत कुणाच्या कपाळावर नसते, माझ्या वहीत असते : कोणत्या तारखेला माल उचलला, कोणत्या तारखेला पैसे आले, दिवाळीच्या आधी हिशेब चुकता केला की फोन उचलायचा बंद केला. माझा एक गिऱ्हाईक संध्याकाळी पिऊन दिसतो, गल्लीत त्याचं नाव चांगलं घेत नाहीत. अठरा वर्षांत त्याचा एक दिवस चुकला नाही; लॉकडाऊनमध्ये माग बंद असताना तो हजार-हजार रुपये आणून देत होता. दुसरा एकजण, देवस्थानाच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर बसणारा, माझे सव्वा दोन लाख घेऊन गेला आणि मला दोन वर्षं ते बुडाले आहेत असं वाटलंच नाही, कारण मी त्याच्या खुर्चीकडे बघत होतो, वहीकडे नाही. आणि पत फक्त पैशाबद्दल बोलते. पहिला घरी बायकोशी कसा वागतो ते माझी वही सांगत नाही, तसं सांगायचा आवही आणत नाही. चारित्र्य हा शब्द मात्र तसा आव आणतो. माणूस एका बाबतीत सरळ आणि दुसऱ्या बाबतीत वाकडा असू शकतो, हे त्याला सोसत नाही. सगळं एका गाठोड्यात बांधून त्यावर तो एकच चिठ्ठी लावतो.

दुसरा मुद्दा : प्रत्येक वेळी पुरावा गोळा करत बसायला वेळ कुणाला आहे? सावध तर राहायलाच हवं ना? हवं. पण सावधगिरी आणि निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एक करायच्या नावाखाली दुसरी करतो. त्या प्रसंगानंतर मी खणाला कुलूप बसवून घेतलं. सुताराने अर्धा तास घेतला, सामानासकट तीनशे साठ रुपये. ते कुलूप चौघांसाठीही सारखंच आहे, माझ्या मुलासाठीही. त्याने कुणाचा अपमान होत नाही. हेच अर्ध्या तासाचं काम आधी केलं असतं तर त्या पोराला खिसे उलटे करावे लागले नसते. संशय घ्यायला आपल्याला वेळ असतो, कुलूप लावायला नसतो, हे कसं?

तिसरा मुद्दा सर्वांत जड आहे आणि तो मला माझ्या पुतणीने घातला. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणता कृती बघा. मोबाइलवर लोक तेच तर करतात. वीस सेकंदांची क्लिप, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय, आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाची नोकरी गेलेली असते. तिथे माणूस कुठे बघतात?" यावर मी दोन दिवस विचार केला. तिचं निम्मं म्हणणं मला मान्य करावं लागतं. कृती बघा म्हणजे तुकडा बघा असं नाही; आधी काय झालं, नंतर काय झालं हेही कृतीतच येतं. पण क्लिप बघणारे कृतीपाशी थांबत नाहीत, हेही खरं. ते कृतीवरून एका उडीत माणसावर जातात. 'हा ओरडला' इथून 'हा माणूसच असला' इथे पोचायला त्यांना वीस सेकंदही लागत नाहीत. आणि मग तो माणूस आयुष्यभर 'असला'. ओरडण्याची शिक्षा ओरडण्याएवढी असावी. माफी मागायला लावा, दंड करा, पोलिसात द्या. पण त्याच्यासाठी वेगळी सेटलमेंट बांधायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

कलेबद्दलची शंका मला खरी वाटते आणि मी तिच्या बाजूने आहे. सिनेमा म्हणजे कोर्ट नव्हे. वाईट माणसाच्या आत शिरून बघू द्यायचं काम कलेचं आहे. ते थांबवलं तर उरेल फक्त बोधकथा. मला सेन्सॉरची कात्री नको आहे. पण समजणं आणि सोडून देणं एक नाही, आणि हे चांगला सिनेमा स्वतःच दाखवतो. आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ मध्ये आला. सगळ्यांना आठवतात ती गाणी. मला आठवतो तो चहा. भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन बहिणीच्या घरी येतात, बसतात, ती चहा करते. कुणी आवाज चढवत नाही. त्या खोलीत बसलेल्या माणसांवरून तुम्ही काही ठरवायला गेलात तर म्हणाल, चला, राग निवळला, रक्ताचं नातं आहे शेवटी. खुनी खुन्यासारखे दिसत नाहीत. आणि जे घडतं ते घडल्यावर संगीत नाही, आवाजच नाही, फक्त चालत जाणारं मूल. अडीच तास नाचणारं थिएटर मुकं झालं होतं. दिग्दर्शकाने त्या भावाला राक्षस केलं नाही आणि कृतीला पांघरूणही घातलं नाही.

त्याच्या आधी चाळीसेक वर्षं, १९७४ मध्ये, 'सामना' आला होता. दिग्दर्शक जब्बार पटेल, सोलापुरात वाढलेले. हिंदुराव धोंडे पाटील हा त्यातला साखरसम्राट निळू फुल्यांचाच, पण हा बोटं मोडावा असा खलनायक नाही. त्याने कारखाना उभा केला, माळावर पाणी आणलं, रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला घरी आणून पाहुण्यासारखं ठेवलं. माणूस तोलायचा तर हिंदुरावांचं पारडं जड भरेल. मास्तर माणूस तोलत बसत नाही. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल तो एकच विचारत राहतो : मारुती कांबळेचं काय झालं? त्याचं खातो, त्याची पितो, आणि तरी विचारतो. मास्तर स्वतः कोण? व्यसनी, मोडलेला. चारित्र्याच्या तराजूत त्याला विचारायचा अधिकारच पोचत नाही. पण प्रश्न खरा आहे, आणि खरा प्रश्न विचारणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसतो. वाचनालयाच्या त्या माडीवर दोन तासांत एकाने तरी असा प्रश्न विचारायला हवा होता : ज्या सिनेमाबद्दल आपण भांडतोय त्यात त्या मुलीचं काय झालं? त्या हवालदाराचं काय झालं?

कृती बघायची ती फक्त दोष काढायला असं कुणी समजू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांतले एक, मुंबईत नुकतंच वैद्यकीय शिक्षण झालेले, वय अठ्ठावीसच्या आत. त्या दिवशी त्यांच्याकडे बघून कुणी काय ठरवलं असतं? एक होतकरू तरुण, एवढंच. पुढची चार वर्षं युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत गेली आणि १९४२ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले. आपण त्यांना आता जन्मतःच थोर मानून मोकळे होतो, पण त्यांचं थोरपण त्या एकेका दिवसात होतं. 'देवमाणूस' म्हणून हार घातला की ते दिवस बघायची गरज उरत नाही.

आणि ज्यांनी खरंच गुन्हा केला त्यांचं काय? खून केलेल्याकडे कृती बघायची म्हणजे त्याला कायमचा खुनी म्हणायचं का? याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. सांगोला तालुक्याला लागून आटपाडी, तिथलं स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे भिंत नसलेला तुरुंग सुरू केला. कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांच्या कथेवर शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला, आणि तो पाहून रडले नाहीत असे लोक मला माहीत नाहीत. पण रडताना आपण एक गोष्ट सोडून देतो. त्या माणसांचे गुन्हे तिथे कुणी पुसले नाहीत. शिक्षा चालूच होती. त्यांना 'तुम्ही मुळात चांगले आहात' असं प्रमाणपत्रही दिलं नव्हतं. त्यांच्या हातात जमीन दिली आणि रोज काय पिकवता ते बघितलं. जुनी कृती जुन्या जागी, नवी नव्या जागी. खून केलेल्याला जे दिलं ते, काहीही सिद्ध न झालेल्या पोराला मी माझ्या गोडाऊनमध्ये पाच मिनिटं देऊ शकलो नाही.

तो गेला त्या आठवड्याचे चार दिवस भरले होते. सोमवार ते गुरुवार, माझ्याच अक्षरात, त्याच्या नावापुढे चार फुल्या मांडलेल्या आहेत. पगार घ्यायला तो आला नाही. दिवाणजी म्हणतात, चौदा हजारांतून वळते करून घ्या आणि खातं बंद करा. मी त्यांना नको म्हणालो. पाकीट तयार करून त्या कुलपाच्या खणात ठेवलं आहे, आणि त्याचा पत्ता, सेटलमेंटच्या पुढचा, घराच्या नंबरासह, टेम्पोवाल्याकडून लिहून घेतला आहे. उद्या माल उतरवून झाला की मीच जाणार आहे.